करंटची चिठ्ठी

३ जून, सोमवार

ओ — ओऽऽ — हो! लांब, आणि शेवटी वर चढत जाणारा सूर. डोळे उघडायच्या आधीच कानात आला. वडील पहाटे माडाच्या शेंड्यावर बसून माडीसाठी फुलोऱ्याची पोय छाटत आणि गात. खाली विहिरीवर बायका अंघोळीला असतात, वर पुरुष आहे हे त्यांना कळावं म्हणून गायचं — आमच्या बेटांवरची रीत. रीतीपुरत्या दोन ओळी पुष्कळ झाल्या. वडील आठ म्हणायचे. स्वतः रचलेल्या. कुठे वाऱ्याची चेष्टा, कुठे भरतीला टोमणा.

उठून बसलो. ना वडील, ना माड. शेजारच्या मिनीबसचा रेडिओ ठणाणा करत होता!

वडिलांची तेवीस गाणी वहीत उतरवून झाली. सतरा-अठरा अजून डोक्यात आहेत. इंग्रजांच्या वाचनमालेतल्या बर्फाच्या आणि मेंढरांच्या कविता मी चाळीस वर्षं शिकवल्या — बर्फ न बघता! त्या छापलेल्या आहेत, माझ्यावाचून त्यांचं काही अडणार नाही. ही गाणी मात्र कुठेच नाहीत.

आणि उजवा हात दगा देतोय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं. आज चार ओळींत तीनदा पेन सुटलं. रोतिया म्हणते, "बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." लिहिते खरी, पण मधले "ओ-हो" गाळते. "त्याला काय अर्थ आहे?" म्हणे. काय बोलणार! शिवाय मला तोंडाने सांगताना पुढची ओळ येतच नाही. पेन चाललं तरच येते.

५ जून, बुधवार

दवाखाना. तीन तास बाकावर.

सिस्टर तेबुरेआ माझीच विद्यार्थिनी. पाचवीत पाठांतराला उभी केली की दुसऱ्या कडव्याला रडायची. आता मला हुकूम सोडते. "मास्तर, डोळे मिटा. नायलॉनचा धागा टोचला की 'हो' म्हणा." मी मिटले. बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी म्हटलं, "अगं, सुरू कधी करणार?" डोळे उघडले तर धागा माझ्या करंगळीवर टेकून कमानीसारखा वाकलेला.

मग दोन बोटांच्या बेचक्यात कागद धरायला लावला. "घट्ट धरा हं." धरला. वहीतून सुटं पान निघावं तसा तिने तो काढून घेतला.

गेल्या ऑगस्टपासून हिच्याकडून महिन्याचं गोळ्यांचं पाकीट आणतो. कुष्ठरोग. आज हा शब्द पहिल्यांदाच लिहिला — लिहिता येतो की! घरी रोतियाला ठाऊक आहे, दवाखान्यात सिस्टरला आणि डॉक्टरांना. बाकी कोणाला नाही. आमच्या लहानपणी ज्याला झाला त्याला जहाजावर घालून फिजीकडच्या बेटावर नेत. गाव किनाऱ्यावर उभं राहून रडायचं आणि घरी जाऊन त्याची चटई जाळायचं.

सिस्टर म्हणाली, जंतू गोळ्यांनी मरताहेत, पण तुमचं अंग मेलेल्या जंतूंशीही भांडतंय आणि मार बसतोय कोपराजवळच्या नसेला. सूज उतरवायच्या गोळ्या वेगळ्या. बोटं गेल्यापासून सहा महिन्यांत सुरू केल्या तर नस परत येऊ शकते. त्यानंतर अवघड. "पेन कधीपासून सुटतंय, मास्तर?"

जानेवारीच्या शेवटापासून. म्हणजे जुलैअखेरपर्यंत मुदत.

"मग दे की गोळ्या!"

"डॉक्टर तयार नाहीत. तुमची साखर."

साखर! या बेटावर हात बधिर — साखर. पाय बधिर — साखर. बायकोशी भांडण झालं तरी डॉक्टर बोट टोचून साखर बघतील. त्या गोळ्यांनी साखर भडकते म्हणे. आणि हातसुद्धा साखरेनेच गेला नाही कशावरून? नस कोपरापाशीच अडली आहे हे आधी दिसलं पाहिजे. ते दाखवणारं यंत्र सतरा तारखेला ऑस्ट्रेलियाहून येतंय, चार दिवस. नसेला विजेचा चिमटा काढायचा आणि तिचा निरोप बोटापर्यंत किती वेगाने पोचतो ते मोजायचं. पुन्हा येणार नोव्हेंबरात.

चाळीस जणांना चिठ्ठ्या. माझी एकोणीस नंबरची, मंगळवार, अठरा तारीख.

रोतियाने ती साखरेच्या डब्यात ठेवली. "इथे तुमचा हात जात नाही, बाबा. आणि गेलाच तर मला कळलेलं बरं."

ही माझी मुलगी!

९ जून, रविवार

प्रार्थनेनंतर मानेआबाच्या, म्हणजे गावसभेच्या, मोठ्या छपराखाली सगळ्या गावाचं जेवण. मी हात मांडीखाली घालून बसलो. गोळ्यांनी कातडी काळवंडली आहे, ते कसं झाकू? बुरेनताऊ ओरडला — त्याला बोलणं माहीतच नाही, तो ओरडतोच — "दाजी, मासे सुकवता सुकवता स्वतःच वाळत पडलात की काय?" सगळं छप्पर हसलं.

बुरेन माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा. बायको गेल्यापासून जास्तच येतो, बहिणीचं घर म्हणून. बारा जुलैच्या होड्यांच्या शर्यतीत यंदाही सुकाणूवर तोच. आज अनवाणी होता. "चप्पल हरवली! या वर्षातली तिसरी. आणि चोराला दरवेळी डावीच हवी!" पुन्हा हशा.

दवाखान्यातल्या यंत्राची बातमी सगळीकडे. फक्त ती वेगळीच झाली आहे. "करंट देणारी बाई येतेय. एकदा करंट घेतला की बैलाची ताकद!" मी म्हटलं, "अरे, ती ताकद देत नाही, मोजते." कोणी ऐकलं नाही. मोजण्यासाठी कोणी एवढ्या लांब येतं का, हा त्यांचा सवाल. आमच्याकडे बैल नाहीत, हेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

१२ जून, बुधवार

चोविसावं गाणं. पहिल्या दोन ओळी माझ्या अक्षरात, पुढच्या कोंबडीच्या.

१६ जून, रविवार

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

दुपारी बुरेन चहाला आला. रोतिया दुकानात. त्याला तीन चमचे साखर लागते, आणि तो स्वतःच्या हाताने घेतो. डबा उघडला.

"दाजी! करंटची चिठ्ठी! आणि तुम्ही एवढे दिवस गप्प?"

"ठेव ती."

"तुम्हाला कशाला करंट?"

आता काय सांगू? म्हटलं, "हात जरा आखडतो. वय झालं."

"वय झालं तर करंट वाया जाईल. माझं बघा — शर्यत चार आठवड्यांवर, आणि डावा पाय दगड झालाय. होडीत टेकवला की टेकला का नाही ते खाली बघून ठरवावं लागतं. बरोबरच्या पोरांसमोर लाज जाते." मग त्याने कप खाली ठेवला. मांडी नीट घातली. मला कळलं आता काय येणार ते. "दाजी, ही चिठ्ठी मी तुमच्याकडे मागतो."

बुबुती! नात्यातल्याने समोर बसून, तोंड उघडून मागितलं की नाही म्हणायचं नाही. होडी मागितली, होडी द्यायची. डुक्कर मागितलं, डुक्कर. माझ्या वडिलांनी एकदा अंगातला सदरा काढून दिला होता आणि उघडेच चर्चमध्ये गेले होते. नाही म्हणायला एकच वाट — खरं कारण सांगायचं. आणि खरं कारण बुरेनला सांगणं म्हणजे छपराखाली भोंगा लावून सांगणं.

दिली.

रोतिया आल्यावर तिने डबा उघडला. माझ्याकडे बघितलं. डबा बंद केला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१७ जून, सोमवार

यंत्र आलं म्हणे. दवाखान्याच्या व्हरांड्यात साठ माणसं, चिठ्ठ्या चाळीस. मी घरी. सूर्य मावळेपर्यंत माशा मारल्या.

१८ जून, मंगळवार

बुरेन थेट माझ्याकडे आला. नवरदेवासारखा!

"दाजी, काय बाई आहे! माझ्यापेक्षा उंच. पण हात मऊ. आधी बोटाला चिकटपट्ट्या. मग मनगटावर एक चिमटा — टक्! — बोट आपोआप उडतं! मी उडवत नाही, ते उडतं! मग कोपरावर टक्! पडद्यावर लाट येते, आपल्या बाहेरच्या समुद्रासारखी. टेपने हात मोजतात. मग पाय. उजव्या पायाला लाट. डाव्या पायाला बाई टक्-टक्-टक् करतेय, पडदा सपाट! मला म्हणाली, दुखतंय का? मी म्हटलं, अजून जोरात द्या, एवढ्यात माझं काय होणार!"

"आणि नाव काय सांगितलंस?"

"तुमचंच. चिठ्ठीवर मिकाएरे होतं ना. लिहिणारा पोरगा नवीन आहे, त्याला काय कळतंय! वय विचारलं, एकाहत्तर म्हटलं. बाई म्हणाली, तब्येत राखलीये हो!" गडगडाटी हसला. जाताना उंबऱ्यापाशी चप्पल मागेच राहिली. डावी. चार पावलं गेला तरी त्याला पत्ता नाही.

मी हाक मारली नाही. राग होता. लक्षात काहीच आलं नाही — मास्तर म्हणवतो स्वतःला!

१९ जून, बुधवार

दवाखान्यात गेलो. सिस्टर तेबुरेआ तीन दिवस बेतिओला, लसीकरणावर. नेमकी! टेबलावरच्या पोराला म्हटलं, "माझी चिठ्ठी हरवली." त्याने यादी पाहिली. "मिकाएरे? एकोणीस? आजोबा, तुमचं काल झालंय."

"माझं झालेलं नाही."

"खूण केलीये, आजोबा." आणि मागच्या बाईला डोळ्यांनी खुणावलं — म्हातारा विसरभोळा.

दार अर्धं उघडं होतं. आत ती उंच बाई, समोर कोणाचा तरी पंजा, टक् टक्. दहा पावलांवर माझ्या हाताचा निकाल! आत जाऊन म्हणायचं होतं, "बाई, काल आला होता तो मी नव्हे." इंग्रजी मला येतं, चाळीस वर्षं शिकवलं! पण व्हरांड्यात अर्धं गाव कान लावून. मूग गिळून परत आलो.

२० जून, गुरुवार

दुपारी चारला डॉक्टरांकडून बोलावणं. मिकाएरेचा अहवाल आला.

"अभिनंदन! हाताच्या नसा उत्तम. तिशीतल्या माणसाच्या असाव्यात तशा. म्हणजे बोटांचं दुखणं नसेचं नाही, हातासाठी त्या गोळ्यांची गरज नाही. डावा पाय मात्र गेलाय. गुडघ्याच्या बाहेरची नस जवळजवळ मुकी."

"डॉक्टर, माझा पाय ठणठणीत आहे."

"तुम्हाला कळत नसेल. या रोगात कळत नाहीच." आणि त्यांनी डाव्या पायाच्या अंगठ्याला पिन टोचली. मी असा ओरडलो की बाहेर कोणाचं तरी मूल रडायला लागलं. डॉक्टर कागदाकडे बघतात, पायाकडे बघतात, पुन्हा कागदाकडे. "विचित्र आहे. पण यंत्राला खोटं बोलायचं कारण नाही."

माझी वाकडी बोटं समोर धरलेली, आणि हा माणूस कागद वाचतोय!

बाहेर येऊन बाकावर बसलो तेव्हा, इतक्या उशिरा, ते शब्द आत शिरले. डावा पाय. मुकी नस. तीन चपला, तिन्ही डाव्या.

बुरेन.

सिस्टर आज परतली होती. तिला बाजूला घेतलं आणि बुरेनचं नाव सोडून सगळं सांगितलं. आधी तिने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "मास्तर, आम्हाला पाठांतर चुकलं की उन्हात उभं करायचात. तुम्हाला कुठे उभं करू?" यंत्र पेटीत बंद झालंय. विमान उद्या सकाळी. तो अहवाल तुमचा नाही हे सांगितलं तरी खऱ्या अहवालाशिवाय डॉक्टर गोळ्या देणार नाहीत. "आणि तो पाय कोणाचा आहे? एकाच पायाची एकच नस मुकी, म्हणजे हा तुमचाच रोग. त्या माणसाला आजच्या आज गोळ्या लागतील."

म्हटलं, "मी सांगतो त्याला. मला सांगू दे."

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. बुरेन होडीची बाजूची फळी दोरीने आवळत होता. पायाच्या बोटात दोरी धरलेली. डाव्या. रक्त येत होतं, त्याला गंध नाही.

सांगितलं. माझं आधी, मग त्याचं.

मग असा उसळला — "तुमच्या नावावर बसलो म्हणून तुमचा रोग मला चिकटला!"

"अरे, नावाने कोणाला काही चिकटतं का? तुझ्या चपला जानेवारीपासून हरवताहेत!"

"मग मागितली तेव्हा बोलला का नाहीत? तोंड होतं ना?"

"तू मागितलीस. नाही कसं म्हणू?"

"मी चिठ्ठी मागितली, दाजी! तुमचा हात मागितला नव्हता!"

दोरी टाकून निघून गेला. वाळूत एका पायाची रेघ ओढत.



२१ जून, शुक्रवार

नऊ वाजता विमान घरावरून गेलं. पत्रे थरथरले. गेली बाई, गेलं यंत्र. नोव्हेंबरापर्यंत ही बोटं मुठीत कायमची मिटलेली असतील.

रोतिया सांगते, मामा पहाटेच घरातून निघाला, मामीला काही बोलला नाही. आज सगळ्या गावाला कळेल. कळू दे! मी थकलो. कोण आपली चटई माझ्यापासून लांब ओढतं ते रविवारी बघू.

पंचविसावं गाणं लिहायला बसलो. पहिला शब्द उमटला. दुसरा मलाच वाचता येत नाही.

त्याच दिवशी, दुपार

दारात ती उंच बाई! उन्हाने लाल झालेली. मागे सिस्टर. त्यांच्या मागे बुरेन, यंत्राची पेटी खांद्यावर, अनवाणी.

सिस्टर धापा टाकत सांगते — हा गृहस्थ पहाटेपासून विमानतळावर. बाई दिसल्याबरोबर सगळ्या रांगेसमोर जमिनीवर बसला, डावा पाय पुढे केला आणि ओरडला, कुष्ठरोग मला आहे, आणि तुम्ही मोजलात तो माणूस मी आहे! बाईंनी विमान सोडलं. पुढचं मंगळवारी.

बुरेन माझ्याकडे बघत नाही. पेटी माझ्या वहीशेजारी ठेवली.

बाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आता खरं सांगा. तुमच्यातले मिकाएरे कोण?"

मी हात वर केला. उजवा.